एक जोडी, तीन उच्चार

चंद्रपूर शहरात रेल्वेची दोन स्टेशने आहेत. एक चंद्रपूर, दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गावरचे. आणि दुसरे चांदा फोर्ट, गोंदियाकडून जंगल कापत येणाऱ्या मार्गावरचे. दोन्ही पाट्यांवरची इंग्रजी नावे सी, एच, ए, एन, डी या पाच अक्षरांनी सुरू होतात. इंग्रजी वाचणाऱ्या परक्या माणसाला वाटेल की दोन्ही नावांचा आरंभ एकच. पण आमची आजी 'चांद्याले जाऊन येतो' म्हणे, तेव्हा तिची जीभ वरच्या दातांमागे लागत असे; आणि आम्ही शाळेत शिकलेली मुले 'चंद्रपूर' म्हणतो तेव्हा ती टाळूला लागते. एक चाकातला च, दुसरा चिमणीतला च. १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले, तेव्हा नावाबरोबर आरंभीचा चसुद्धा बदलला. इंग्रजी पाटीला मात्र त्याचा पत्ता लागला नाही.

मी ज्या अक्षरजोडीविषयी लिहिणार आहे ती हीच, सी आणि एच. इंग्रजीत ही जोडी कोठे 'च' होते, कोठे 'क' होते, तर कोठे 'श' होते. चेअरमध्ये सीएच, केमिस्टमध्ये सीएच आणि मशीनमध्येही सीएच. इंग्रजीच्या पेपरात यावर प्रश्न येत नाही, म्हणून या विषयाकडे कोणी पाहत नाही. परंतु या जोडीने मला एकदा चांगलेच तोंडावर पाडले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढच्या विवेचनाला अर्थ राहणार नाही.

बी. ए. च्या पहिल्या वर्षी मी एका आंतरमहाविद्यालयीन वाचन स्पर्धेला गेलो होतो. गाव आणि महाविद्यालय सांगत नाही. चिठ्ठी उचलून जो उतारा येईल तो मोठ्याने वाचायचा. माझ्या वाट्याला ग्रीक नाटकांवरचा इंग्रजी उतारा आला. त्यात सी-एच-ओ-आर-यू-एस असा एक शब्द दर दोन ओळींनी येत होता. मी तो 'चोरस' असा वाचला. पहिल्या वेळी मागच्या बाकावर खसखस पिकली. दुसऱ्या वेळी सगळे सभागृह हसले. तिसऱ्या वेळेपासून मंडळी त्या शब्दाची वाटच पाहू लागली. शेवटी 'आर्किटेक्ट'चा मी 'आर्चिटेक्ट' केला आणि खाली बसलो. परीक्षकांनी विचारले, "कुठून आलात?" मी म्हणालो, "गडचिरोली जिल्हा." ते म्हणाले, "मग ठीक आहे."

हसण्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. हसू येण्यासारखेच होते ते. पण हे 'मग ठीक आहे' मी परतीच्या एसटीत सबंध वाटभर चघळत होतो. वडशाच्या नाटक मंडळ्यांची नाटके रात्र रात्र जागून पाहिलेला मी मुलगा. मंडईच्या दिवसांत आमच्या गावात पहाटेपर्यंत पडदा पडत नाही. रंगमंचावर एकत्र उभे राहून गाणारा मेळा म्हणजे काय हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मला फक्त त्याचे स्पेलिंग वाचता आले नव्हते, आणि तेवढ्यावरून माझा जिल्हा माफीला पात्र ठरला होता.

वसतिगृहात माझ्या खोलीतला सोबती एटापल्लीकडचा माडिया. घरी माडिया, आश्रमशाळेत मराठी, नंतर इंग्रजी, अशी त्याची तीन मजली भाषा. सक्तीच्या इंग्रजीत तो एकदा नापास झालेला होता. माझी हकिकत ऐकून तो हसला नाही. त्याने अगदी सरळ प्रश्न विचारला, "एक जोडी अन् तीन आवाज. मंग कुठं कोणता, हे ठरवते कोन?" मी म्हणालो, "कोणी ठरवत नाही. पाठ करायचे." तो म्हणाला, "असं नसते. जंगलातसुद्धा वाट असतेच ना." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे इंग्रजीच्या सरांकडे गेलो.

सरांनी आम्हांला ग्रंथालयात नेले. पण इंग्रजी पुस्तक काढण्याआधी ते म्हणाले, "अरे, चक्र म्हण. आता चाक म्हण." मी म्हटले. "चंद्र म्हण. चांदणे म्हण. चर्म म्हण, चामडे म्हण. चूर्ण आणि चुरा. पंचमी आणि पाच." मी म्हणत गेलो आणि माझ्याच जिभेची मला मौज वाटू लागली. जोडीतला पहिला शब्द दर वेळी टाळूला लागत होता आणि दुसरा दातांकडे सरकत होता. व्याकरणात पहिल्याला तालव्य आणि दुसऱ्याला दंततालव्य म्हणतात, हे मी शाळेत घोकले होते. आपण दिवसभर हेच करीत असतो, हे मात्र कधी लक्षात आले नव्हते. 'आमचा' म्हणताना एक च आणि 'आमची' म्हणताना दुसरा. एक चमचा हरवला तर एक च, दोन चमचे हरवले तर दुसरा!

"आता सांग," सर म्हणाले, "हे ठरवते कोण?"

उत्तर असे की दोन गोष्टी ठरवतात. एक म्हणजे शेजारचा स्वर. चच्या पुढे इ, ई, ए आले की तो टाळूलाच लागतो. चिमूर, चिचपल्ली, गडचिरोली या नावांत म्हणूनच मतभेदाला जागा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शब्द कोणत्या वाटेने आला. चक्र, चंद्र, चर्म हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे उचलले. त्यांनी आपला मूळचा तालव्य उच्चार टिकवला. चाक, चांदणे, चामडे हे त्याच घराण्यातले. परंतु ते प्राकृतातून, लोकांच्या तोंडून, शेकडो वर्षे झिजत आले, आणि वाटेत त्यांचा च दातांकडे आला. लिपीने दोघांना एकच अक्षर दिले. मराठी मुलाला हा नियम कोणी शिकवत नाही, पण तो चुकत नाही, कारण शब्दाची वाट त्याच्या कानाला ठाऊक असते. इंग्रजीच्या बाबतीत आपल्या कानाला ती ठाऊक नाही, एवढाच काय तो फरक. (अपवाद आपल्याकडेही आहेतच. 'चार' हा आकडा घरचाच, तरी तो टाळूला चिकटून राहिला. जुन्या मराठीत तो 'च्यार' होता, त्याची ती खूण.)

येथे थोडे आडवळण घेतो, कारण आमच्या मेसच्या जेवणाच्या टेबलावर याचा पुढचा अध्याय घडला. सिरोंचाकडचा एक तेलुगू मुलगा म्हणाला की यात विशेष काय, आमच्याकडेही असेच आहे. तेलुगूत शिक्षणाला 'चदुवु' म्हणतात, त्यातला च चाकातला. आणि झाडाला 'चेट्टु' म्हणतात, त्यातला च चिमणीतला. अ, आ, उ, ओ पुढे असता दातांकडे आणि इ, ए पुढे असता टाळूकडे, हा मराठी आणि तेलुगूचा जवळजवळ समाईक रिवाज आहे. मुलचेरा भागात १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती झाल्या. त्यांची नातवंडे आज आपल्या वर्गांत आहेत. पूर्व बंगालच्या बोलीतला चसुद्धा असाच दातांकडे सरकलेला. तेव्हा या दोन जिल्ह्यांतल्या मुलांना एका अक्षराचे दोन उच्चार ही गोष्ट नवी नाही. टेबलावर एकच च असलेला एकटा हिंदी भाषक मुलगा होता, आणि तोच आम्हा सर्वांच्या उच्चारांना नावे ठेवीत होता!

असो. आता इंग्रजीकडे वळू. सरांनी कपाटातून स्कीटचा जाडजूड व्युत्पत्तिकोश काढला, आणि त्याच्या शेजारी कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ साली निघालेला मराठी व्युत्पत्तिकोश ठेवला. "हे दोन्ही एकदम वापरा," असे सांगून ते तासाला गेले. पुढचे काही महिने आम्ही दोघे सायंकाळी त्या टेबलाशी बसलो आणि एका वहीत तीन रकाने आखून शब्द भरत गेलो.

पहिला रकाना चचा. हे इंग्रजीचे घरचे शब्द. चाइल्ड, चिन, चीक, चीझ, चिकन, चर्च. गंमत अशी की नवव्या-दहाव्या शतकातले इंग्रज हे शब्द सीएच न लिहिता नुसत्या सीने लिहीत. मुळात तो कच होता. पुढे इ, ए आले की जीभ कंठाकडून टाळूकडे सरके आणि कचा च होई. आपल्या 'चमचा–चमचे'सारखाच स्वराचा हा खेळ. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्या लेखनिकांना फ्रेंच पद्धतीने चसाठी सीएच लिहिण्याची सवय होती. त्यांनी इंग्रजांच्या घरच्या शब्दांनाही तोच पोशाख चढवला. जेथे डेन आणि नॉर्वेकडील लोकांच्या बोलीचा जोर होता तेथे मात्र हा च झालाच नाही, कच राहिला. म्हणून इंग्लंडात चर्च आणि स्कॉटलंडात कर्क. लष्करी छावणीला लॅटिनमध्ये 'कास्त्रा' म्हणत. त्यावरून एका गावाचे नाव मँचेस्टर झाले आणि दुसऱ्याचे लँकेस्टर. आपल्या भागातला कापूस ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी इंग्रजांनी नेला, ते गाव लँकेशायर परगण्यातलेच. म्हणजे एकाच परगण्यात, एकाच शब्दाची, एक च आणि एक क अशी दोन रूपे नांदत होती. चांदा फोर्ट आणि चंद्रपूर एकाच शहरात नांदतात, तशीच.

याच रकान्यात नॉर्मनांबरोबर आलेले जुने फ्रेंच शब्दही बसतात. चेअर, चेंबर, चेंज, चार्ज, मर्चंट, चीफ. त्या काळी फ्रेंच लोक स्वतःही सीएचचा उच्चार चच करीत. पण तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रान्समध्ये हा च मऊ होऊन श झाला. इंग्लंडात आधी येऊन स्थायिक झालेल्या शब्दांना ही बातमी कळलीच नाही. ते चच राहिले. नंतर जे फ्रेंच शब्द आले ते नवा श घेऊन आले. तो आमचा दुसरा रकाना झाला. मशीन, ब्रोशर, पॅराशूट, शॅम्पेन, शोफर, शेफ.

चीफ आणि शेफ या दोन शब्दांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मूळ एकच, लॅटिनमधले डोके या अर्थाचे 'कापुत'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ प्रमुख असा झाला. मध्ययुगात तो इंग्लंडात गेला तेव्हा चीफ झाला. एकोणिसाव्या शतकात स्वयंपाकघराचा प्रमुख म्हणून पुन्हा गेला तेव्हा शेफ. वनखात्याच्या कार्यालयावर चीफ कॉन्झर्व्हेटरची पाटी असते आणि ताडोब्याच्या वेशीवरच्या रिसॉर्टमध्ये शेफ असतो. दोघे सख्खे भाऊ आहेत हे दोघांनाही ठाऊक नसेल. माझा सोबती म्हणाला, "थोरला आधी शहरात गेला, धाकटा मागून." शब्दांच्या इतिहासाची यापेक्षा सोपी व्याख्या मला कोठे मिळालेली नाही.

तिसरा रकाना कचा, आणि ज्याने मला तोंडावर पाडले तो शब्द यातला. येथे आम्ही सर्वांत जास्त रमलो. ग्रीक लिपीत 'खी' नावाचे एक अक्षर आहे. प्राचीन ग्रीक लोक त्याचा उच्चार आपल्या खसारखा, म्हणजे कमध्ये ह मिसळून करीत. रोमन लोकांनी ग्रीकांकडून विद्या घेतली, तिच्याबरोबर शब्दही घेतले. पण त्यांच्या लिपीत खला अक्षर नव्हते. मग त्यांनी कसाठी असलेल्या सीपुढे एच जोडून काम भागवले. हे वाचताना मला एकदम आमच्या तलाठी कार्यालयातला कारकून आठवला. तो इंग्रजी अर्जात 'खरपुंडी' लिहिताना केपुढे एच जोडतो, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन कारकुनाने केले तेच करीत असतो. रोममध्ये सी होता, गडचिरोलीत के आहे, इतकेच.

पुढे युरोपच्या तोंडून हा ख गेला आणि नुसता क उरला, पण लिहिताना एच तसाच राहिला. स्कूल, स्कीम, कॅरेक्टर, केऑस, एको, मोनार्क, टेक्निकल, आर्किटेक्ट आणि आमचा कोरस. आपण मराठीत 'ख्रिस्त' लिहितो आणि इंग्रज 'क्राइस्ट' म्हणतो. तेव्हा ग्रीकांच्या ऐकण्यात आपले रूप अधिक ओळखीचे ठरले असते! स्कूल या शब्दाचा ग्रीक अर्थ फुरसत असा आहे, हे कळल्यावर माझ्या सोबत्याने वही मिटली आणि तो अर्धा तास बाहेर जाऊन बसला. म्हणाला, अर्थाप्रमाणे वागून पाहिले.

यांपैकी दोन रकान्यांतून फिरलेला एकच शब्द पाहा. यंत्र या अर्थाचा ग्रीक शब्द. तो लॅटिनमधून विद्वानांच्या वाटेने इंग्रजीत आला तेव्हा मेकॅनिक झाला, क घेऊन. तोच फ्रान्समधून फिरून सोळाव्या शतकात आला तेव्हा मशीन झाला, श घेऊन. आपल्या नागपूर रोडवरच्या कोणत्याही गॅरेजमध्ये मेकॅनिक मशीन उघडून बसलेला दिसतो. दोन्ही शब्दांत सीएच आहे, दोन्हींचे मूळ एक आहे आणि उच्चार दोन आहेत. म्हणजे शब्दाचे मूळ गाव विचारून भागत नाही. तो कोणत्या वाटेने आणि कधी आला, हे विचारावे लागते. चर्च या शब्दाचे मूळही ग्रीकच आहे. पण तो इतक्या लवकर आला की इंग्रजांनी त्याला घरचाच करून टाकले. आर्चबिशप लवकर आला म्हणून आर्च, आणि आर्किटेक्ट सोळाव्या शतकात पुस्तकातून आला म्हणून आर्क. मी त्या दिवशी 'आर्चिटेक्ट' म्हणालो, तेव्हा मी सहाशे-सातशे वर्षे आधी पोहोचलो होतो, असे म्हणायला हरकत नाही.

परीक्षेच्या दृष्टीने उपयोगी पडतील अशा काही खुणा आम्हांला सापडल्या, त्या येथे नोंदवून ठेवतो. सीएचपुढे आर किंवा एल आला की उच्चार बहुतेक वेळा क; कारण तो शब्द बहुधा ग्रीक असणार. क्रोम, क्रॉनिक, क्लोरीन. सीएचच्या आधी टी आला की निरपवाद च. मॅच, कॅच, किचन. बाकी सर्व शब्दांसाठी आमचे एक ओबडधोबड सूत्र होते. घरचा च, शाळेचा क, हॉटेलचा श. हनुवटी, गाल, मूल, कोंबडी ही घरची. विज्ञान, रोग, नाटक, राज्यशास्त्र ही शाळेची. मद्य, मोटारहाक्या, फॅशन ही हॉटेलची. सूत्र दहांपैकी आठ-नऊ वेळा लागू पडते. न पडले तर कोश आहेच.

फसवणारे शब्दही पुष्कळ आहेत. दुखणे या अर्थाचा एक हा शब्द घ्या. ए-सी-एच-ई असा तो लिहितात. हा इंग्रजीचा अगदी घरचा शब्द, त्याचे क्रियापद पूर्वी सरळ केने लिहीत. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात त्याचा संबंध चुकून एका ग्रीक शब्दाशी जोडला, आणि त्या चुकीमुळे तो आजतागायत सीएचचा ग्रीक अंगरखा घालून फिरतो आहे. एवढ्या मोठ्या कोशकाराची चूक सबंध जगाने मान्य केली, स्पेलिंग म्हणून ती आता बरोबर ठरली. आणि मी 'चोरस' म्हटले तर... असो, तो विषय आता संपला आहे.

आमच्या भागाशी जवळचे आणखी दोन शब्द आहेत. मलेरिया आमच्या जिल्ह्याला नवा नाही. आरोग्यसेवक पाड्यावर येऊन ज्या गोळ्या देतो त्यांत क्लोरोक्विन असते. हे औषध १९३४ साली जर्मनीत प्रथम तयार झाले. त्याच्या नावाचा पहिला भाग ग्रीक, फिकट हिरवा या अर्थाचा, म्हणून सीएच असून क. दुसरा भाग क्विनाइनचा, म्हणजे पेरूच्या डोंगरातल्या लोकांच्या भाषेतला. ज्या झाडाच्या सालीतून क्विनाइन निघते त्याला लिनिअसने १७४२ साली शास्त्रीय नाव दिले, ते स्पेनमधल्या चिंचोनच्या उमराव स्त्रीवरून. चिंचोन या गावाच्या नावात सीएच दोनदा येते आणि दोन्हीं वेळा उच्चार च. लिनिअसने पहिला एच गाळला. दुसरा ठेवला, पण इंग्रज तो ग्रीक समजून क वाचू लागले. आणि चिंचोनचे सिंकोना झाले. ही झाडे १८६० साली निलगिरीत आणणारे क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी मूळ स्पेलिंग परत आणावे म्हणून पुढे पुस्तक लिहिले. कोणी ऐकले नाही.

दुसरा शब्द शेड्यूल. हा ग्रीकमधून लॅटिनमध्ये, तेथून फ्रेंचमध्ये आणि तेथून इंग्रजीत आला. मूळ अर्थ कागदाचा तुकडा, चिठोरे. मध्ययुगात इंग्रज त्याला 'सेड्यूल' म्हणत. पुढे स्पेलिंग पाहून इंग्लंडात शेड्यूल म्हणू लागले आणि अमेरिकेत ग्रीक मुळाला धरून स्केड्यूल. म्हणजे या एका शब्दाने स, श आणि क असे तिन्ही उच्चार भोगले. १८७४ साली शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स अ‍ॅक्ट झाला, त्याला जोडलेल्या यादीत चांद्याच्या जमीनदाऱ्या होत्या; अहेरीचे नाव त्यांत आहे. सीएचचे चांदा आणि सीएचचे शेड्यूल असे तेव्हा प्रथम एका कागदावर आले, आणि पुन्हा सुटले नाहीत. आज गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली आहे, आणि माझ्या सोबत्याच्या जातीच्या दाखल्यावर हाच शब्द छापलेला आहे. त्याने तो दाखला ट्रंकेतून काढला, त्यावरच्या एस-सी-एचवर बोट ठेवले आणि म्हणाला, "याले ग्रीक लोक काय म्हनत?" मी म्हणालो, "स्खेदे." त्याने दोन-तीनदा म्हणून पाहिले आणि दाखला परत ठेवला.

वहीत चौथा रकाना त्याने आखला. तोपर्यंत आम्ही इंग्रजांचे, फ्रेंचांचे आणि ग्रीकांचे शब्द लिहीत होतो. तो म्हणाला, "आपले गेले असतील ना तिकडे?" गेलेले होते. चिट म्हणजे आपली चिठ्ठी. चिंट्झ म्हणजे रंगीत छपाईचे छिटाचे कापड. चटणी तर सर्वांना ठाऊकच. चीता आणि चितळ ही दोन्ही नावे ठिपकेदार या अर्थाच्या 'चित्र'वरून निघालेली. इंग्रजीत दोन्ही सीएचने लिहितात आणि दोन्हींत उच्चार च. या रकान्यात एकही क किंवा श नाही. तो रकाना भरताना त्याला कोश लागला नाही.

इंग्रजीच्या पेपरात तो पुढच्या खेपेस पास झाला. सीएचमुळे झाला असे मी म्हणणार नाही. पण त्या टेबलाशी बसण्याची सवय लागली, तिचा उपयोग झाला असावा. पदवी मात्र पूर्ण झाली नाही. वडील आजारी पडले, तो गावी गेला, आणि पुढच्याच वर्षी वनरक्षकाच्या भरतीत निवडला गेला. वही माझ्याजवळ राहिली. स्पर्धेला मी पुन्हा गेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेनंतर, त्याचा फोन आला. त्याच्या वनपरिक्षेत्रात पाणवठ्याजवळ मचाणी बांधल्या होत्या आणि प्रत्येकीवर इंग्रजीत क्रमांकाची पाटी लावली होती. बाहेरून आलेले एक सुशिक्षित पाहुणे ती पाटी वाचून त्याला विचारत होते, "मकान नंबर चार कुठे आहे?" जंगलात मकान कोठून येणार, हे त्याला कळेना. बऱ्याच वेळाने उलगडा झाला.

"मंग तू काय म्हटलं त्यायले?" मी विचारले.

"म्हटलं, साहेब, कुठून आले आपण?"

"आणि?"

"नागपूर म्हनाले. मी म्हटलं, मंग ठीक आहे."